सड्यापासून पायरीपर्यंत

वैशाखातील एका सकाळी संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीच्या पाखाडीने मी खाली पऱ्याकडे उतरलो, आणि तेथे जे पाहिले ते पुढे कित्येक महिने मनातून गेले नाही. पऱ्या, म्हणजे डोंगरकुशीतून वाहत येणारा तो लहानसा ओढा, केव्हाच आटला होता. त्याच्या पात्रात मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला हातभर खोल डवरा खणलेला होता, आणि त्याच्या काठाशी उकिडव्या बसलेल्या एक आजी करवंटीने पाणी काढून, कळशीच्या तोंडावर बांधलेल्या फडक्यातून गाळून ते आत ओतीत होत्या. चार करवंट्या उपसल्या की डवरा कोरडा पडे. मग आजी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून स्वस्थ बसत, वाळूच्या पोटातून पुन्हा तेवढेच पाणी हळूहळू पाझरे, आणि मागे ओळीने बसलेल्या तिघी बायका आपापल्या पाळीची वाट पाहत त्या पाझराकडे एकटक बघत राहत. यंदा पाऊस कमी झाला का, असे मी विचारले. आजींनी मानही न वळवता उत्तर दिले, "पावसाला काय हो तोटा? पडतो रग्गड. थांबत नाय तो."

आजींचे म्हणणे सरकारी दप्तरातील आकड्यांशी तंतोतंत जुळते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील ज्या हिवरे बाजार गावाने आपल्या पाणलोटाची निगा राखून देशभर कीर्ती मिळविली, तेथे तो ४०० मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे हिवरे बाजाराला जे सात वर्षांत मिळते ते रत्नागिरीच्या एका चातुर्मासात आकाशातून उतरते. असे असूनही फाल्गुन संपता संपता या जिल्ह्यातील डोंगरमाथ्यावरच्या वाड्यांतून टँकरची मागणी तहसील कचेरीत येऊ लागते, आणि टंचाई आराखडा नावाचा कागद दरसाल, जणू तो पंचांगाचाच भाग असावा अशा नियमाने, तयार होतो. पाणी आणण्याच्या योजनांची चर्चा मी पुष्कळ ऐकली होती. पडलेले पाणी थांबविण्याचा उद्योग कोठे आणि कसा चालतो हे पाहण्यासाठी त्याच वर्षी कार्तिक सरताना मी पुन्हा कोकण रेल्वेत बसलो.

रत्नागिरीत उतरल्यावर पहिला दिवस मी सड्यावर घालविला, कारण येथील पाण्याची गोष्ट सड्यापासून सुरू होते. सोबत एक निवृत्त गुरुजी होते. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण, सपाट पठार. वैशाखात त्याच्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही, आणि पावसाळ्यात त्याच दगडाच्या खळग्यांत पाणी साचून दीपकाडीची पांढरी फुले, गेंदाचे ठिपके आणि सीतेच्या आसवांची निळाई यांनी तो सर्वांगी फुलतो. याच सड्यांवर, कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे अशा गावांच्या शिवारात, आदिमानवाने खोदलेली कातळशिल्पे आहेत. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड व धनंजय मराठे यांनी आपल्या सहकाऱ्यांसह वर्षानुवर्षे पायपीट करून ती शोधली, आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यांची नोंद झाली. एरवी दस्तऐवजांत या जमिनीची नोंद 'पोटखराब' म्हणून होते. ज्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी माणसाने हत्ती कोरला आणि ज्याच्या पोटात आजही खालच्या वाडीचे पिण्याचे पाणी साठते, त्याला खराब म्हणणारा शब्द महसुलाच्या हिशेबाने बरोबर असेल; पाण्याच्या हिशेबाने तो साफ चुकीचा आहे.

या जांभ्याला शास्त्रीय नाव मिळाले ते १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्सिस बुकॅनन याच्या प्रवासवृत्तात. मलबारात अंगाडीपुरम येथे लोक हा दगड विटेसारखा कापून घेतात आणि उघड्या हवेत तो कठीण होतो, हे पाहून त्याने विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटराइट' म्हटले. कोकणी माणूस त्यालाच चिरा म्हणतो आणि घर, विहीर, गडगा, पाखाडी सारे त्याचेच बांधतो. हा दगड वरून कठीण परंतु अंगाने छिद्राळ. पाऊस त्याच्या भोकांतून, भेगांतून खाली मुरतो, आणि काही मीटर खोलीवर शाडूसारख्या चिकण मातीचा थर लागला की तेथे अडून आडवा सरकू लागतो. सड्याची कड जेथे तुटते, तेथे उताराच्या अंगाला हे पाणी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. म्हणूनच रत्नागिरीतील जुन्या वाड्या सड्याच्या माथ्यावर क्वचितच आढळतात. बहुधा त्या सड्याच्या कडेखाली, झऱ्याच्या रेषेला धरून वसलेल्या दिसतात. गुरुजींनी मला कडेवर उभे करून खालची तीन गावे दाखविली, आणि त्या तिन्ही गावांतील आगरांची हिरवी पट्टी एकाच उंचीवरून जात होती.

परंतु ज्या भोकांतून पाणी मुरते त्याच भोकांतून ते निसटूनही जाते. सह्याद्रीचा माथा आणि समुद्र यांत अंतर ६०-७० किलोमीटरांहून क्वचितच अधिक. एवढ्यात नदीने हजार मीटरांचा उतार उतरायचा. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्या श्रावणात दुथडी भरून वाहतात आणि माघात त्यांच्या वरच्या अंगाला पाऊल भिजण्याइतकेही पाणी राहत नाही. पूर्वी या घाईला आवर घालणारे एक साधन होते, ते म्हणजे उतारावरील दाट जंगल आणि त्याच्या खाली वर्षानुवर्षे साचलेला पाचोळा. ते जंगल या जिल्ह्यात बव्हंशी खाजगी मालकीचे. खोतीच्या काळी खोताचे, आणि १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यानंतर कुळांचे व भाऊबंदांचे झालेले हे रान दर काही वर्षांनी कंत्राटदाराला विकले जाते, कोयते आणि यंत्रकरवती चालतात, आणि उघड्या पडलेल्या उतारावरची माती पुढच्या पावसात नदीला मिळते. विकणाऱ्याला मी दोष देणार नाही. ज्याच्या घरी मुलीचे लग्न किंवा कुणाचे आजारपण निघाले आहे, त्याला झाडाखेरीज दुसरी ठेव नसते.

एक रान मात्र टिकून राहिले, ते देवाचे. दुसऱ्या दिवशी देवरुखच्या वाटेवर अशी एक देवरहाटी पाहिली. घाटावर जिला देवराई म्हणतात तिलाच येथे देवरहाटी म्हणतात. बाहेर भर दुपार होती आणि आत पाऊल टाकताच संध्याकाळचा गारवा. बेहडा, किंजळ, सातवीण यांचे सरळसोट बुंधे, त्यांना अजगरासारखी वेटाळलेली गारंबीची वेल, पायांखाली घोट्याएवढा पाचोळा, आणि उंच बेहड्याच्या ढोलीपाशी पंखांचा मोठा आवाज करीत येऊन बसलेला माडगरुड, म्हणजे धनेश. देवळामागे चिऱ्यांनी बांधलेले कुंड होते. त्यात झऱ्याचे पाणी येई, त्यातून दुसऱ्या कुंडात, आणि तेथून गुरांच्या डोणीत. पहिल्या कुंडात केवळ पिण्याची कळशी बुडवायची, दुसऱ्यावर धुणीभांडी, तिसऱ्यावर गुरे, हा शिरस्ता लिहून ठेवलेला नव्हता, पण माझ्या देखत एका लहान मुलाने पहिल्या कुंडात पाय सोडताच पलीकडच्या काकूंनी त्याला हाताला धरून उठविले. स्वच्छ पाण्याचे शास्त्र या मांडणीत पूर्णपणे आलेले आहे. संगमेश्वर तालुक्यातील अशा रहाटींचे व खाजगी रानांचे जतन व्हावे म्हणून पुण्याची अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था गावकऱ्यांशी करार करीत आली आहे. रान काही वर्षे न तोडण्याच्या बदल्यात गावाच्या गरजेचे एखादे काम उभे करावयाचे, अशी त्यामागची कल्पना. देवाच्या भीतीने जे राखले गेले ते आता माणसाच्या समजुतीने राखावे लागेल, कारण जीर्णोद्धाराच्या उत्साहात कित्येक ठिकाणी रहाटीतली झाडेच देवळाच्या सिमेंटी मंडपासाठी गेली आहेत.

कुंडाचा शिरस्ता सांगताना आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे. कोणी कोणत्या पाणवठ्यावर जायचे याचाही शिरस्ता होता, आणि तो अमानुष होता. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात आहे. तेथून फार दूर नसलेल्या महाडला २० मार्च १९२७ रोजी त्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. कोकणातील वाड्या जातवार वसलेल्या असल्याने झरा कोणाच्या वाडीत आणि टंचाई कोणाच्या वाडीत, हा प्रश्न भूगोलाइतकाच समाजाचाही आहे. लोकसहभागाची कोणतीही योजना पाहताना मी प्रथम हेच विचारतो की पाणी समितीच्या बैठकीत सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या वाडीचा माणूस बसतो की नाही.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच वैशाखातल्या वाडीत गेलो, कारण त्या दिवशी तेथे बंधारा घालावयाचा होता. रत्नागिरी जिल्हा परिषद दरसाल पावसाळा सरला की 'मिशन बंधारे' या नावाने ही मोहीम काढते. ग्रामपंचायती, शाळा, बचत गट आणि वाडीतील मंडळी श्रमदानाने कच्चे, वनराई आणि विजय बंधारे घालतात. वनराई बंधाऱ्याचे नाव मोहन धारिया यांच्या वनराई संस्थेवरून रूढ झाले: सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यांत पऱ्यातलीच माती आणि वाळू, एवढेच साहित्य. विजय बंधारा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा. १९७२ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाने कोकणच्या पऱ्यांचा स्वभाव ओळखून, तेथेच पडलेले धोंडे रचून आत प्लॅस्टिकचे कापड अंथरण्याची ही स्वस्त रीत बसविली, आणि तिला कोकण विजय बंधारा हे नाव मिळाले.

सकाळी सात वाजता चाळीसेक माणसे पऱ्यात उतरली होती. जागा वाडीतल्या एका वयस्क काकांनी निवडली, आणि त्या निवडीवर दोन दिवस चर्चा झाली होती. पात्र अरुंद हवे, दोन्ही दरडी पक्क्या हव्यात, वरच्या अंगाला उतार मंद हवा म्हणजे पाणी लांबवर मागे तुंबते, आणि तळाशी उघडी भेग असता कामा नये, नाहीतर रात्रीत बंधारा रिकामा होतो. गोणी गच्च भरायची नाही, पाऊणच भरायची, म्हणजे ती अंग चोरून शेजारच्या गोणीला चिकटते. तोंड सुतळीने शिवायचे. आणि विटांच्या भिंतीप्रमाणे खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरची गोणी येईल असा थर द्यायचा. सांध्यांत चिखल लिंपण्याचे काम बायकांनी आपल्याकडे घेतले. मुले पाचोळा आणि गवत आणीत होती, शाळेचे गुरुजी स्वतः घमेले वाहत होते, आणि मुंबईहून दिवाळीला आलेले दोन चाकरमानी, ज्यांनी वाडीच्या मुंबईतील मंडळाच्या वर्गणीतून सर्वांच्या जेवणाचा खर्च उचलला होता, गुडघाभर पाण्यात उभे राहून गोण्या झेलीत होते. दुपारी एकच्या सुमारास कमरेएवढी भिंत उभी राहिली, मधोमध जादा पाणी जाण्यासाठी एक सखल जागा ठेवली होती, आणि तिच्यापर्यंत पाणी चढते की नाही हे पाहण्यासाठी सगळे काठावर येऊन बसले. ते बोटाबोटाने चढत होते. बोलणे आपोआप थांबले.

या बंधाऱ्याचे आयुष्य सात महिन्यांचे. ज्येष्ठातल्या पहिल्या पुरात तो वाहून जातो, आणि त्याआधी गोण्या काढून घ्याव्यात, म्हणजे प्लॅस्टिक खाडीत जाणार नाही, असा या वाडीचा नियम आहे. दरसाल तेच काम पुन्हा करण्यापेक्षा सिमेंटचा पक्का बंधारा एकदाच का बांधू नये, हा प्रश्न मी काकांना विचारला. त्यांनी मला वरच्या अंगाला नेऊन एक जुना पक्का बंधारा दाखविला: गाळाने काठोकाठ भरलेला, आणि बाजूच्या छिद्राळ जांभ्यातून वळसा घालून पाणी खाली उतरून गेलेले. त्या भिंतीला वर्षातून एकदा गाळ काढणारे हात मिळाले असते तर ती उपयोगी पडली असती. परंतु बांधकामाची मंजुरी मिळते तशी निगेची तजवीज अंदाजपत्रकात नसते. कच्च्या बंधाऱ्याचा मोठा गुण मला त्या क्षणी उमगला. तो वाडीला दरसाल एकदा पऱ्यात उतरायला लावतो, आणि पऱ्याची, दरडीची, वरच्या रानाची स्थिती चाळीस माणसे आपल्या डोळ्यांनी पाहून जातात.

पाण्याला आवर घालण्याच्या कामात चूक झाली तर तिची किंमत किती मोठी असते, हे या जिल्ह्याने सोसले आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि खालच्या वाडीतील माणसे वाहून गेली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण शहर बुडविले, आणि त्याच पावसात खेड तालुक्यातील पोसरे येथे दरड कोसळली. म्हणून घाटावरची सलग समतल चरांची पद्धत येथे डोळे मिटून आणता येत नाही. तीव्र उतारावर, मातीचा जाड थर असलेल्या जागी फार पाणी मुरविणे म्हणजे दरडीला आमंत्रण देणे होय. महापुरानंतर चिपळूणकरांनी बचाव समिती स्थापून आंदोलन केले, शासनाची यंत्रे आली, नाना पाटेकर व मकरंद अनासपुरे यांच्या नाम फाउंडेशननेही हात दिला, आणि वाशिष्ठीच्या पात्रातून गाळाचे ढीग निघाले. तो गाळ मी पाहिला, तेव्हा तो मला परका वाटला नाही. वरच्या बोडक्या उतारांचीच ती तांबडी माती होती.

चिपळूणची आणखी एक गोष्ट मनाला लागते. कोयनेचे पाणी वीज निर्माण करून पोफळी-कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत सोडले जाते. कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळविण्यास मंजूर केलेले हे पाणी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट. त्यामुळे चिपळुणात वैशाखातही नदी वाहती असते, आणि दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरील वाड्यांत त्याच दिवशी टँकर चढत असतो. एवढे पाणी हाताशी आहे तर ते उचलून वर न्यावे, असे अनेकांचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्यही आहे; पण विजेचे बिल, पंपाची दुरुस्ती आणि किलोमीटर किलोमीटर नळ यांचा भार तीस उंबऱ्यांची वाडी किती वर्षे सोसणार, याचा हिशेब करून पाहिला की आपल्याच डोक्यावरच्या सड्यातील झरा जिवंत ठेवणे अधिक शहाणपणाचे दिसते. १५ ऑगस्ट २०१९ ला घोषित झालेल्या जलजीवन मिशनने दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे वचन दिले आहे, आणि बंधारा घातला त्या वाडीत नळ आलेही आहेत. त्या नळांचे मूळ मात्र पऱ्याकाठच्या जुन्या विहिरीतच आहे.

झरा जिवंत ठेवायचा तर तो कोठून भरतो हे आधी कळले पाहिजे. सिक्कीमने २००८ साली 'धारा विकास' नावाने हेच काम हाती घेतले. भूजलशास्त्रज्ञांनी खडकांचे थर वाचून झऱ्याचे भरण क्षेत्र शोधले, तेथे चर व तळी खणली, आणि आटत चाललेल्या धारा पुन्हा वाढल्या. त्या कामाला शास्त्र पुरविणाऱ्यांत पुण्याची अॅक्वाडॅम ही संस्था होती. सह्याद्रीचे खडक निराळे, तरी विचार तोच लागू पडतो. येथील अडचण खडकापेक्षा सातबाऱ्याची अधिक आहे. झरा एका वाडीचा, आणि तो भरणारा सडा दुसऱ्या गावच्या हद्दीत. त्या गटाच्या उताऱ्यावर चाळीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईत, काही मयत, फेरफार झालेला नाही. त्यावर कोणी कलम बागेसाठी सुरुंग लावतो, कोणी चिरेखाण काढतो. खालच्या झऱ्याशी त्याचा काही संबंध आहे हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि ठाऊक करून देणारी जागा गावकीच्या सभेखेरीज दुसरी नाही. बंधारा घालणाऱ्या त्या वाडीने ते केले. मुंबईच्या मंडळाची सभा भरवून, भाऊबंदांची कबुली घेऊन, कडेवरच्या काही एकरांत तोड बंद केली आणि गुरांना चराई बंद केली. चार पावसाळ्यांत तेथे करवंद, ऐन आणि किंजळ आपोआप उठले आहेत. कोणी रोप लावले नाही.

बंधारा घातला त्याच संध्याकाळी वाडीच्या विहिरीवर गेलो. जलसुरक्षक तरुण ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, निवळी तेवढी विहिरीत सोडून गेला होता, आणि गावातील ज्या बायकांना पाणी तपासण्याचे शिक्षण मिळाले आहे त्यांतल्या एका ताईंनी छोट्या कुपीत नमुना भरून घेतला होता. दोन दिवसांनी ती काळी पडली तर पाणी दूषित, हे त्यांनी मला समजावून सांगितले. मागे एका श्रावणात अर्ध्या वाडीला कावीळ झाली होती, तेव्हापासून ही कुपी चुकत नाही.

वैशाखात डवऱ्यावर भेटलेल्या आजी तेथेच होत्या. त्यांनी मला ओळखले की नाही, ते कळले नाही. विहिरीच्या आतल्या चिरेबंदी पायऱ्यांकडे बोट करून त्या पाणी मोजीत होत्या. सकाळी सहावी पायरी उघडी होती, आता ती बुडून पाणी पाचवीच्या कडेला लागले होते. "शिमग्याला ही बुडालेली दिसली पायजे," त्या म्हणाल्या. "पालखी दारात येते तेव्हा देवाचे पाय धुवायला तरी दुसऱ्या वाडीचं पानी मागायला नको." मग कळशी बुडवून त्यांनी ती एका हिसक्यात वर घेतली, चुंबळीवर ठेवली आणि पाखाडीला लागल्या.